मोळी सोडा की, बाई

नोकरीच्या उत्तरार्धात माझी वर्गातली जागा फळ्यापासून सगळ्यात लांब असे. पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका होते. दर पावसाळ्यात अध्यापक विद्यालयातली मुलं-मुली आमच्याकडं शिकवायला शिकायची म्हणून येत. वर्गात आमची पोरं पुढं मांडी घालून बसत, हे छात्रशिक्षक फळ्यापाशी उभे राहत आणि मी मागच्या भिंतीला टेकून पोरांच्याच सतरंजीवर बसत असे. कुणीतरी खुर्ची आणून ठेवायचं, मी घ्यायची नाही. खुर्चीवरून पोरांची नुसती डोकी दिसतात. सतरंजीवर बसलं की दप्तराआड काय चाललंय तेही दिसतं.

लोक विचारतात, तुम्ही त्यांना नक्की काय शिकवत होता? खरं सांगायचं तर माझं निम्मं काम गप्प बसण्याचं होतं. समोर एखादी पोरगी भागाकार उलटा मांडतेय, फळ्यावरच्या ओळी उताराला लागल्यात, निम्मा वर्ग खिडकीतून शेळ्या बघतोय, आणि आपण जागचं हलायचं नाही. तुम्ही उठून खडू हातात घेतलात की तो तास सुधारतो, पण त्या दिवसापासून पोरं शिकवणाऱ्याकडं बघायची सोडून मागं तुमच्याकडं बघायला लागतात. एकदा ही सवय लागली की बिचाऱ्या नव्या शिक्षकाचं त्या वर्गात काही उरत नाही. म्हणून ओठ घट्ट मिटून बसायचं आणि तास संपल्यावर व्हरांड्यात बोलायचं.

बोलण्याच्या बाबतीत माझी एकच सक्ती होती. ‘समजलं का?’ हा प्रश्न माझ्या शाळेत बंद. एका उत्साही छात्रशिक्षकानं पचनसंस्थेचा भलामोठा रंगीत तक्ता लावून तासभर शिकवलं आणि शेवटी विचारलं, समजलं का? सगळा वर्ग एका सुरात हो म्हणाला. मी पुढ्यातल्या पोराला हळूच विचारलं, काय समजलं रे? तो म्हणाला, “सर लई चांगले हायेत.” त्याचंही खोटं नव्हतं.

असे बरेच आले आणि गेले. काही शिक्षक झाले, काही पोलीस भरतीला लागले, एकानं शिर्डीत हाराफुलांचं दुकान टाकलं आणि तो आजही मला हाराचे पैसे देऊ देत नाही, उलट माझ्याच पाया पडतो. पण सांगायचं आहे ते रेखाबद्दल, कारण तिच्यापायी मी जे भांडले तसं त्याआधी कधी भांडले नव्हते.

रेखा आमच्याच भागातली, डोंगराच्या पलीकडच्या गावची. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की टोळ्या निघायच्या, त्यांच्याबरोबर ही निघायची आणि कारखान्याच्या कडेला उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, अर्धं वर्ष काढायची. त्यातूनही ती शिकली कशी हे तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या शाळेत आली तेव्हा तिचं शेवटचं वर्ष होतं. वडिलांनी घरी सांगून ठेवलेलं होतं की यंदा पास झालीस तर झालीस, पुन्हा वर्ष मिळायचं नाही. मुलगा पाहून ठेवला होता. तोडीच्या हिशेबात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाच्या टोळीत एक कोयता कमी होता. रेखा नापास झाली तर तो भरला जाणार होता.

वर्गात मात्र ही पोरगी लाकडासारखी उभी राहायची. पाठाचं टाचण, म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवायचं याची लेखी तयारी, तिची सगळ्यांत नीटनेटकी. पण बोलायला लागली की पुस्तकातली वाक्यं एकामागून एक खाली ठेवत गेल्यासारखं वाटायचं. प्रत्येक शब्दाआधी ती थांबायची, तपासायची आणि मग बोलायची. तेवढ्या वेळात पोरं भलतीकडं गेलेली असत.

आणि दुपारी खिचडीच्या वेळी हीच पोरगी व्हरांड्यात पोरांच्या गराड्यात बसलेली असायची. कोपीत विंचू निघाला तेव्हा तिच्या आजीनं काय केलं ते सांगत होती एकदा. पोरांचे घास हातातच राहिले होते. मी दारातून ऐकत राहिले. हाय, न्हाई, हुतं, आमी, तुमी, सगळं जसंच्या तसं, आणि काय ते सांगणं!

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, ही दुपारची रेखा सकाळी वर्गात का येत नाही?

 ती म्हणाली, “बाई, मागच्या पाठाला माझ्या तोंडातनं एकदा ‘हुतं’ गेलं तर समदे हसले. सरांनी मार्क कापले. तुमचं काय जातंय? मार्क माझे जातील, अन् मार्कांमागं मी जाईन.”

 ज्याला किंमत मोजायची त्यानंच ठरवावं, मी कोण सांगणारी? मी तिला एवढंच म्हटलं की तू म्हणतेस ते खरं आहे, तुझं तू ठरव.

श्रावणात तिच्या मुख्य पाठाचं निरीक्षण ठरलं. निरीक्षण करायला विद्यालयाचे जे सर येणार होते ते कडक म्हणून प्रसिद्ध होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. मुलंमुली त्यांना घाबरायची, पण त्यांच्या अभ्यासाबद्दल कुणाला शंका नव्हती. पाठ तिसरीच्या वर्गावर, गणिताचा. बत्तीसातून सात वजा करायचे. बाहेरच्यांना वाटतं यात काय शिकवायचंय? पण दोनातून सात जात नाहीत, तेव्हा दशकाकडून उसने आणायचे, हे मुलांना पहिल्यांदा कळणं फार अवघड असतं. मोठी होऊन दुकानं चालवणारी माणसं तिथं अडलेली मी पाहिली आहेत.

रेखानं साधन म्हणून कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या आणल्या होत्या. दहा-दहाच्या मोळ्या सुतळीनं बांधलेल्या, काही सुट्या. सुरुवात तिनं टाचणातल्याप्रमाणं केली. “एकक स्थानी दोन आहेत. दोनातून सात वजा होत नाहीत. अशा वेळी एका दशकाचे एककात रूपांतर करावे लागते.” सरांनी मान हलवली. वर्ग गप्प. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. वर्ग आणखी गप्प. पुढच्या रांगेतल्या पोरानं जांभई दिली. मी सतरंजीवर बसून माझ्या पायाचा अंगठा चोळत होते.

तिसऱ्या खेपेला ती वाक्याच्या मधेच थांबली. सरांकडं एकदा बघितलं. मग फळा पुसला, पदर खोचला, खाली पोरांमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, “माज्याकडं तीन मोळ्या हायेत अन् दोन काड्या सुट्या. कारखान्याचा माणूस आला, म्हनला मला सात काड्या दे. सुट्या दोनच. आता वं काय करायचं?”

पोरं सरसावली. कुणी म्हणालं, देऊ नका त्याला. कुणी म्हणालं, उद्या ये म्हणावं. आणि त्या गलक्यातून कोपऱ्यातून एक आवाज आला.

“मोळी सोडा की, बाई.”

ती कांता होती. कांताचा आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता. म्हणजे ती बोलू शकते हे मला माहीत होतं, घरी बोलते असं तिची आजी सांगायची. पण पहिलीपासून दर दसऱ्याला आईबापाबरोबर जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची, तोवर वर्ग पुढं गेलेला असायचा. शाळेत तिनं तोंड उघडणं कधीच बंद केलं होतं. हजेरीला ती फक्त बोट वर करायची.

रेखानं ती मोळी तिच्याच हातात दिली. कांतानं गाठ दातानं सोडली, काड्या सुट्यांत मिसळल्या, सात मोजून बाजूला काढल्या. उरलेल्या पाच. दोन मोळ्या बांधलेल्याच. “पंचवीस,” ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच काहीतरी झालं आणि ती खाली बघून हसायला लागली. रेखानं उभं राहून फळ्यावर तेच आकड्यांनी लिहिलं. तास संपेपर्यंत सगळा वर्ग मोळ्या सोडत होता.

तास संपल्यावर मी उठून सरांपाशी गेले. सर लिहीत होते. त्यांनी कागद माझ्यापुढं सहीसाठी सरकवला. आशय चांगला, साधनाचा वापर उत्तम, असं सगळं होतं आणि खाली लाल अक्षरात शेरा: भाषा अशुद्ध व ग्रामीण, अध्यापनास अयोग्य, अनुत्तीर्ण.

मी विचारलं, सर, ती मुलगी आज पहिल्यांदा बोलली, पाहिलंत ना? ते म्हणाले, पाहिलं, पण मी मुलीचं नाही, शिक्षिकेचं मूल्यमापन करायला आलोय. मी कागद त्यांच्याकडं परत सरकवला आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. शाळेच्या मुख्याध्यापकाची सही असल्याशिवाय तो अहवाल पुरा होत नसे. नोकरीत मी पुष्कळ कागदांवर मनाविरुद्ध सह्या केल्या असतील, पण यावर मात्र माझा हात वळेना. सरांनी टोपण लावलं, कागद घडी केला आणि मोटारसायकलला किक मारून गेले.

रेखा दाराआड उभी होती. रडत नव्हती. मला म्हणाली, “बाई, मी ठरवलं हुतं न्हाई बोलायचं म्हनून. पन ती पोरं तशीच बसली हुती.”

मला वाटलं होतं आता गाव तरी आमच्या बाजूनं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठ संपतो न संपतो तोच शाळा समितीचे अध्यक्ष नामदेवराव आले. चांगला माणूस. शाळेच्या टाकीला स्वतःच्या बोअरचं पाणी द्यायचा. पण त्या दिवशी चेहरा ताणलेला होता. त्यांच्या नातवानं घरी जाऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की नव्या बाई आपल्यासारख्याच बोलतात.

नामदेवराव म्हणाले, “बाई, तुमच्यावर आमचा इस्वास हाय. पन आमी ‘न्हाई’ म्हनतोच की घरी. पोरांनी शाळंत जाऊन बी ‘न्हाई’च शिकायचं आसंल तर मग शाळंत घालायचं कशाला? त्या नगरच्या साहेबासारखं बोलाया यावं म्हनून तर धाडतो.”

सरांशी मी तावातावानं बोलले होते, पण नामदेवरावांच्या बोलण्यात खोट काढता येईना. रेखा तिथंच हजेरी घेत होती, तिनं सगळं ऐकलं.  ते गेल्यावर ती म्हणाली, काकांचं बरोबर हाय. मी म्हटलं, हो, बरोबर आहे. पण त्यावर करायचं काय ते आम्हा दोघींनाही तेव्हा सुचलं नाही.

त्याच आठवड्यात मी एसटीनं करंजी घाट उतरून नगरला गेले. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पाटीवरही तेच आहे, पण तोंडातलं नगर जाता जात नाही. विद्यालयाच्या प्राचार्या आणि ते सर दोघंही हजर होते. प्राचार्याबाई मितभाषी होत्या, त्यांनी आम्हाला दोघांना बोलू दिलं.

सर माझ्यावर ओरडले नाहीत. ते म्हणाले की तुम्हाला वाटतं तुम्ही त्या मुलांच्या बाजूनं आहात, पण तुम्ही त्यांना कायमचं तिथंच ठेवताय. उद्या ही मुलं मुलाखतीला जातील आणि ‘न्हाई’ म्हणतील, तेव्हा दार त्यांच्यासाठी बंद होईल, तुमच्यासाठी नाही. तुमची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत शिकली, असंही त्यांनी विचारलं. ती नगरमधल्या चांगल्या शाळेत शिकली होती. मी तसं सांगितलं.

मग ते थोडं थांबून म्हणाले, “मी पारनेरच्या कोरडवाहू रानातला आहे, बाई. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा होस्टेलवर मुलं मला नावानं हाक मारत नसत. ‘न्हाई’ म्हणत. न्हाई आला, न्हाई गेला. वर्षभर. माझ्या विद्यार्थ्यांवर ती वेळ येऊ नये म्हणून मी लाल पेन वापरतो.”

त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी रागही आला. मी म्हटलं, “सर, पुण्याच्या पोरांनी तुमच्याशी जे केलं तेच तुम्ही रेखाशी करताय. फरक इतकाच, की त्यांच्या हातात तुमचे मार्क नव्हते.”

 प्राचार्याबाईंनी समोरचं पेपरवेट उचलून परत ठेवलं. मला वाटलं आता मला बाहेर जायला सांगतील. तसं सांगायच्या आत मी आणखी एक गोष्ट बोलून टाकली. सरांना म्हटलं, तुम्ही या आमच्या शाळेत आणि त्याच वर्गावर एक पाठ घ्या. मागं मी आणि रेखा बसू. सर म्हणाले, येतो. इतक्या सरळ म्हणाले की माझाच आवेश उतरला.

पुढच्या आठवड्यात ते आले. आता मी इथं असं लिहायला हवं की त्यांचा पाठ फसला. तसं झालं नाही. माणूस उत्तम शिकवत होता. मण्यांच्या माळा आणल्या होत्या, गोष्ट रचली होती, भाषा स्वच्छ आणि सोपी, आवाजात माया. पोरं रंगली, हात वर करू लागली, उत्तरंही बरोबर दिली. रेखा माझ्या शेजारी बसून भराभर टिपून घेत होती. मी मनातून खट्टू झाले होते, लपवत नाही.

एकाच ठिकाणी काही हललं नाही. कांता कोपऱ्यात बसून होती, दोन्ही हात मांडीखाली. सरांनी तिलाही विचारलं, जवळ जाऊन, वाकून, अगदी प्रेमानं. तिनं मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारलं, माळ तिच्यापुढं धरली. तिनं माळेला हात लावला नाही.

तास संपल्यावर आम्ही व्हरांड्यात आलो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “ती कोपऱ्यातली मुलगी बोलली नाही.” मी हो म्हटलं. ते चप्पल घालता घालता थांबले. “एकच मुलगी,” ते म्हणाले, पण ते माझ्याशी वाद घालत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. मी म्हटलं, सर, आमच्या भागात दर वर्गात अशी एकच नसते, यंदा इतर पोरं बोलकी निघाली एवढंच. त्यांनी मान हलवली. शेरा त्यांनी बदलला नाही, तशी माझी अपेक्षाही नव्हती. पण रेखाला फेरपाठ द्यावा आणि तो दुसऱ्या कुणीतरी पाहावा, अशी शिफारस त्यांनी स्वतः केली. पाहायला प्राचार्याबाईच येणार असं ठरलं. घटस्थापनेच्या आत, कारण दसरा झाला की आमचा निम्मा वर्ग ट्रकवर चढणार होता.

या वेळी रेखानं मला विचारलंच नाही की कसं बोलू. विषयसुद्धा तिनंच निवडला. गणित सोडून मराठी घेतलं. मी म्हटलं, अगं, जिथं ठेच लागली तिथंच परत? ती म्हणाली, बाई, ठेच तिथं लागली म्हणूनच.

प्राचार्याबाईंना मी खुर्ची दिली, त्यांनीही ती घेतली नाही. माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. रेखानं पोरांना विचारलं, काल घरी काय झालं? एका पोराच्या घरी शेळी व्यायली होती. तो सांगत गेला तसं तिनं फळ्याच्या डाव्या बाजूला जसंच्या तसं लिहिलं. काल आमची शेळी व्याली. ती लई वरडत हुती. आज्जी म्हनली घाबरू नगं. पोरं आपले शब्द फळ्यावर बघून खुसखुसायला लागली. असले शब्द खडूनं लिहिता येतात हे त्यांना माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, आता हीच गोष्ट पुस्तकात छापायची हाय, पुस्तक काय म्हणंल? आणि उजव्या बाजूला एकेक ओळ पोरांकडूनच काढून घेतली. ती खूप ओरडत होती. आजी म्हणाली, घाबरू नकोस. पोरं भांडत होती, अडत होती, मागच्या धड्यात कसं आहे ते उघडून बघत होती. ‘नगं’ला ‘नकोस’ की ‘नको’ यावर मोठा वाद झाला. नामदेवराव केव्हातरी येऊन दाराशी उभे राहिलेले मला दिसले.

दोन्ही बाजू भरल्यावर कांतानं बोट वर केलं. रेखा म्हणाली, बोल.

“मग आमचं चुकलं का, बाई?”

 रेखानं खडू खाली ठेवला. “न्हाई, कांता. चुकलं न्हाई. हे घरचं हाय अन् हे पुस्तकाचं. आज्जीसंगं पुस्तकाचं बोलशील तर ती हसंल. पेपरात घरचं लिहिशील तर मार्क जातील. आपल्याला दोन्ही आलं पायजे.” आणि मग तेच तिनं उजव्या बाजूच्या भाषेत, स्वच्छ, कुठंही न अडखळता पुन्हा सांगितलं. पहिल्यांदाच मी तिला त्या भाषेत न घाबरता बोलताना ऐकलं.

नामदेवराव दारातूनच परत गेले. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी भेटले तेव्हा म्हणाले, “आता बराबर हाय.”

प्राचार्याबाईंनी रेखाला पास केलं. मार्क बेताचेच दिले. खाली शेरा लिहिला, भाषेकडे लक्ष द्यावे. मी या वेळी सही केली, पण सहीच्या वर माझ्या अक्षरात लिहिलं, ‘दिले आहे, म्हणून मुले बोलली.’ बाईंनी वाचलं. मला वाटलं खोडायला सांगतील. त्यांनी कागद पिशवीत घातला आणि चहा मागितला.

दसऱ्यानंतर कांता ट्रकवर चढून गेली. उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली, तेव्हा पुन्हा मागं पडली होती, पण आता विचारायची. त्याच्या पुढच्या वर्षी तिचं बिऱ्हाड परत आलंच नाही. कारखान्याकडंच कुठंतरी राहिलं म्हणतात. मी चौकशी केली, पत्ता लागला नाही. ती शिकली, मोठी झाली, असं इथं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. मला ठाऊक नाही, म्हणून लिहीत नाही. तिचं बोलतं होणं आम्हाला मिळालं, तिला टिकवणं आम्हाला जमलं नाही, आणि या दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणाचा शेरा नसतो.

रेखाचं लग्न त्या मुलाशी झालं नाही. तिला शिक्षकाची नेमणूक मिळायला बरीच वर्षं लागली, तोवर तिनं मिळेल तिथं तासांवर शिकवलं. आता ती शेवगावच्या बाजूला एका वस्तीवरच्या शाळेत आहे. आणि गंमत म्हणजे आता तिच्याकडं छात्रशिक्षक येतात.

यंदा मी तिला भेटायला गेले होते. तिच्याकडं श्रीरामपूरची रूथ नावाची मुलगी आली होती. ख्रिस्ती घरातली, शहरात वाढलेली, बोलणं गोड आणि नेटकं. रेखाची ख्याती तिनं ऐकली असावी, कारण वर्गात शिरल्या शिरल्या ती पोरांना म्हणाली, “काय रं पोरांनू, बरं हाय न्हवं?” पोरं हसून लोळायची बाकी राहिली. रूथ गोंधळली, तरी तसंच रेटत राहिली आणि हसू वाढत गेलं.

तास झाल्यावर रेखानं तिला बाहेर बोलावलं. मी बाजूलाच होते. मला वाटलं आता ही तिला आमच्या भागातले शब्द नीट बोलायला शिकवणार. रेखा म्हणाली, “रूथताई, तुम्ही तुमच्या घरी बोलता तसंच बोला. उसनं बोललं की पोरांना लगेच कळतं. त्यांचं तुम्ही शिका, तुमचं त्यांना शिकू द्या.”

पुढच्या तासाला रूथ तिच्या स्वतःच्या बोलीत बोलली. घरचा सण सांगताना तिच्या तोंडी नाताळ आला. नाताळ म्हंजी काय, एका पोरीनं विचारलं. रूथनं तिच्या आजीच्या करंज्या, दारातला कागदाचा तारा, पहाटेची गाणी, सगळं सांगितलं. मघाशी हसणारी पोरं पुढं सरकून बसली होती. एकजण म्हणाला, करंज्या तर आमच्यात बी करत्यात. तारा फक्त न्हाई.

रेखानं रूथला जे सांगितलं ते मी तिला कधीच शिकवलेलं नव्हतं. मला ते सुचलंही नसतं.

माझ्या वयाची माणसं पारावर, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत मला गाठून सांगतात की आता सरकारी शाळेत राम राहिला नाही आणि नव्या शिक्षकांना काही येत नाही. पूर्वी मी वाद घालायची. आता घालत नाही. त्यांना रेखाच्या वस्तीचा रस्ता सांगते. शेवगावपर्यंत एसटी आहे, पुढं भरली की निघणारी वडापची जीप मिळते, आणि शेवटचा चढ पायी चढावा लागतो. अजून कुणी जाऊन आलेलं नाही.